तोरसकर साहेबांचं पोहणं

शारजातल्या एका कन्सल्टंट कंपनीत हेमचंद्र तोरसकर अकरा वर्षं नोकरी करत होते, आणि अकरा वर्षं तिथले सगळे त्यांना पट्टीचे पोहणारे समजत होते. यात तोरसकरांचा दोष म्हणाल तर फार नव्हता. रुजू झाले त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "गाव कोणतं?" ते म्हणाले, "मालवण." समोरचा म्हणाला, "मग काय, तुम्ही पाण्यातलेच!" तोरसकर हसले. बस्स, इतकंच. खोटं असं ते बोलले नाहीत, नुसते हसले.

पण हसण्यालाही पालवी फुटते. तीन-चार वर्षांनी एका जेवणाच्या पंगतीत, कोळंबीचं कालवण छान जमलं होतं त्या भरात, "लहानपणी आम्ही किल्ल्याच्या तटाला हात लावून परत यायचो," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यात 'होडीतून' हा एकच शब्द तेवढा राहून गेला. पुढे लोकांनीच ती गोष्ट वाढवली. वादळात वाढवली, भरतीत वाढवली, एकाने तर मगरही घातली. तोरसकरांनी फक्त मगर नाकारली.

खरी गोष्ट अशी होती की तोरसकरांच्या पत्रिकेत बाराव्या वर्षापर्यंत जलघात होता. वर्षातून एकदा स्वतः हात घट्ट धरून होडीतून किल्ल्यावर नेई तेवढं सोडलं, तर आईने त्यांना समुद्राच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. बारा वर्षं सरली तेव्हा तिने ती मुदत स्वतःच्या अधिकारात वाढवून घेतली, आणि मुलगा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन गाव सोडेपर्यंत वाढवतच राहिली. मालवणात जन्मून गुडघ्यावर समुद्राचं पाणी न लागलेला तो बहुधा एकटाच इसम असावा.

नव्व्याण्णवच्या सप्टेंबरात ऑफिसातल्या शार्दूल बापटने नोटीसबोर्डावर कागद लावला. शार्दूल तिशीचा, पुण्याचा, नुकताच डायव्हिंगचं सर्टिफिकेट मिळवलेला. ते सर्टिफिकेट तो पाकिटात बायकोच्या फोटोच्या पुढे ठेवायचा. कागदावर होतं: नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी सहकुटुंब सहल. दिब्बा बंदराच्या पुढे बोटीने अर्धा तास. समुद्रातला ज्वालामुखी.

"ज्वालामुखी? इथे?" तोरसकरांनी विचारलं.

"विझलेला, हो!" शार्दूल म्हणाला. "काळा खडक आहे, चंद्रकोरीसारखा. क्रेटरची अर्धी कड पाण्यात गेली, अर्धी वर उरली. आतल्या बाजूला पाणी उथळ, एकदम तलाव. आणि बाहेरच्या अंगाला भिंत. सरळ खाली, शंभर फूट! आम्ही पाठीला हवेचे टँक लावून भिंतीने उतरणार. तुम्हाला काय, टँकची गरजच नाही. मंडळी, तोरसकर साहेब आपल्याला मालवण दाखवणार!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तोरसकर हसले. पण या वेळच्या हसण्याला ओठांपर्यंत पोहोचायला फार कष्ट पडले.

तो खडक खरोखर ज्वालामुखी होता की नाही यावर पुढे पुष्कळ वाद झाला. शार्दूलने तर तसं कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं, आणि तिथला बोटवाला तय्यब म्हणायचा, "साब, पत्थर है. काला पत्थर. बाकी आप बोलो वो." माशांची कशालाच हरकत नव्हती.

सहलीला आठ आठवडे होते. आजारी पडायचं, की भारतातल्या कुणाला आजारी पाडायचं, याचा तोरसकरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांना उम्म अल कुवैनला जावं लागलं. तिथे बोटींच्या दुरुस्तीची जागा होती आणि तिचा धक्का वाढवायचा होता. धक्क्यावर उभे राहून ते मोजमापं लिहीत होते, तोच पायाखालच्या बोटीखालून एक डोकं पाण्याबाहेर आलं आणि त्या डोक्याने अंगठा तोंडात घालत स्वच्छ मालवणीत शिवी घातली, "आवशीक खाव तुझ्या!"

शिवी बोटीला होती. तिच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्याने अंगठा कापला होता. पण अकरा वर्षांनी ती कानावर पडताच तोरसकरांना गहिवरून आलं.

"खयचो रे तू?"

माणूस चमकला. "आचऱ्याचो. तुमी?"

"मालवणचो."

त्याचं नाव दौलत. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने काटक, मिठाने भुवया पांढुरक्या झालेल्या. गेली सहा वर्षं तो बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचं काम करत होता. तोंडात हवेची नळी, हातात खरवडणी, दिवसभर पाण्यात. तोरसकरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि वही मिटली.

"दौलत, पोवाक शिकवशीत?"

"कोणाक? पोरग्याक?"

"माका."

दौलतने अंगठा तोंडातून काढला. "मालवणचे आसान तुमका पोवाक येना नाय?"

"हळू बोल!"

दौलत हळू बोलला नाही. तो पाण्यातच हसू लागला, इतका की एक गटांगळी खाऊन वर आला आणि उरलेलं हसला. मग तोरसकरांनी त्याला सगळं सांगितलं: नोटीस, खडक, भिंत, किल्ला, मगर. मगरीला तो पुन्हा बुडाला.

"शिकवतंय," शेवटी तो म्हणाला. "पण माका पण थय न्हेवा."

"कुठे? सहलीला?"

"सहा वर्सां समुद्रात आसंय, साहेब. डोळ्यांसमोर काय? बोटीचा बूड. पाणी गढूळ, तेलकट. समुद्र असो बघूकच नाय मी. ती भिंत माका बघूक होयी."

तोरसकर "बघू" म्हणाले. दौलत म्हणाला, "मगे मी पण बघतंय." तेव्हा ते "नेतो" म्हणाले.

दर शुक्रवारी, तिथल्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, सकाळी सहाला शिकवणी सुरू झाली. उम्म अल कुवैनच्या खाडीत एका बाजूला पाणी छातीइतकं आणि संथ होतं. तिथे त्रेचाळीस वर्षांचे, किंचित टक्कल पडलेले, खात्यात सीनियर असलेले तोरसकर कंबरेला तेलाचा रिकामा डबा बांधून उभे राहिले. पहिल्या शुक्रवारी फक्त तोंड पाण्यात घालायचं होतं. ते त्यांनी अकरा वेळा घातलं आणि अकरा वेळा कुणी बोलावल्यासारखं बाहेर काढलं.

"पाणी माणसाक बुडवना नाय," दौलत म्हणाला. "माणूसच पाण्यात मारामारी करता आनि बुडता. तुमी भांडाक उतारलास काय पोवाक?"

दुसऱ्या शुक्रवारी ते उताणे तरंगले, चार सेकंद. तिसऱ्या शुक्रवारी तोंडातल्या नळीने श्वास घ्यायला शिकले, आणि खाडीतलं बरंच पाणी प्यायले. डबा सुटला चौथ्याला. तो सुटल्याचं दौलतने त्यांना सांगितलं नाही. वीस हात पोहून गेल्यावर त्यांना तो मागे एकटाच तरंगताना दिसला आणि ते ताबडतोब बुडू लागले.

"आता बुडतास कित्याक? इतको वेळ पोवतच होतास!" दौलत ओरडला.

घरी त्यांनी साइट व्हिजिट सांगितलं होतं. बायको विभावरी पुण्याची, शाळेत गणित शिकवायची. दुसऱ्या शुक्रवारी ती त्यांच्या कानामागची वाळू बघून म्हणाली, "साइट फार ओली दिसते."

"बांधकाम आहे. पाणी मारतात."

"खारं पाणी मारतात? इमारत टिकेल ना?"

तोरसकरांनी चहा घेतला आणि विषय बदलला. पाचव्या शुक्रवारी पोहून बाहेर आल्यावर त्यांनी बॅग उघडली, तर आत त्यांनी न ठेवलेला जाड टॉवेल होता, खोबरेल तेलाची बाटली होती, कोरडे कपडे होते आणि डब्यात दोन माणसांना पुरतील अशी थालीपीठं होती. तोरसकरांनी डबा दौलतपुढे धरला. घरी गेल्यावर त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "थालीपीठं छान होती," ते म्हणाले. "साइटवाल्यांना आवडली?" तिने विचारलं. "एकाला फार," ते म्हणाले. लग्नानंतर अलिबागला घोट्याच्या पुढे न गेलेला नवरा तिने काही आज पाहिलेला नव्हता. पण तिनेही ऑफिसच्या पंगतीत तोंड उघडलं नव्हतं. दोघांनी पुढचे तीन शुक्रवार हे साइट व्हिजिट असंच इमानेइतबारे चालू ठेवलं.

नोव्हेंबरपर्यंत तोरसकर पन्नास-साठ हात पोहू लागले. चाल सुंदर नव्हती. बेडकाला घाई झाली तर तो जसे पाय मारील तसे ते मारायचे, कारण दौलत तसेच मारायचा. पण बुडत नव्हते.

सहलीच्या दिवशी पहाटे पाच गाड्या डोंगर ओलांडून दिब्ब्याला पोहोचल्या. तोरसकरांच्या गाडीत विभावरी होती, अकरा वर्षांची मुलगी शुभ्रा होती आणि मागच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट घालून दौलत होता. धक्क्यावर शार्दूलने विचारलं, "हे कोण?"

इथे तोरसकर अडखळले. "माझे गुरुजी" म्हणावं तर अकरा वर्षांची अब्रू जाते. "आमच्या गावाकडचा," ते म्हणाले. "इथे बोटींवर काम करतो."

"अरे वा, मग हेल्प होईल!" शार्दूल म्हणाला. "दौलत, ते टँक जरा बोटीत चढवशील? यल्ला, लवकर."

दौलतने एकदा तोरसकरांकडे पाहिलं. मग बाही दुमडली आणि टँक उचलले. एकामागून एक आठ. तोरसकर त्या वेळी स्वतःच्या चपलेचा पट्टा बघत होते. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. विभावरी त्यांच्याकडे बघत होती, हे त्यांना न बघताही कळलं.

खडक जवळ आला. समुद्रात कुणी काळी चूल अर्धी फोडून ठेवावी तसा तो दिसत होता. तय्यबने बोट आतल्या बाजूला, उथळ पाण्यात उभी केली. विभावरी तेवढी बोटीवर बसून राहिली, बाकी बायकामुलं लाइफ जॅकेट घालून उतरली. शार्दूल आणि त्याचे तिघे साथीदार टँक चढवून खडकामधल्या फटीतून पलीकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "साहेब, भिंतीवर भेटू!"

तोरसकर मास्क लावून पाण्यात उतरले. आतलं पाणी खरंच तलावासारखं होतं. खाली वाळू, मधेमधे गोल दगड, त्यावर चोचीने दगड कुरतडणारे निळेहिरवे मासे. कुरतडण्याचा आवाज चक्क ऐकू येत होता, चणे खाल्ल्यासारखा. शुभ्राने त्यांना पाहिलं, दौलतला पाहिलं आणि डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, यू किक एग्झॅक्टली लाइक दौलत अंकल! सो फनी!"

"गावाकडची पद्धत आहे," तोरसकर घाईघाईने म्हणाले.

इथेच थांबले असते तर सगळं निभावलं असतं. अर्धा तास त्या तलावात फिरून, ओले होऊन, बोटीवर चढून "आज प्रवाह फार आहे" म्हटलं असतं तरी कुणी शंका घेतली नसती. पण दौलत फटीकडे निघाला होता. फटीपाशी थांबून त्याने मागे पाहिलं. हाक मारली नाही, नुसता थांबला. तोरसकर त्याच्या मागे गेले.

फटीतून पलीकडे गेल्यावर चार हातांवर तळ संपला.

होता होता एकदम नव्हता. अंधारात जिना उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तोरसकरांना झालं. फक्त इथे पायरीच्या जागी अख्खी निळी पोकळी होती. त्यांना वाटलं, आपण पडणार. पाण्यावर तरंगणारा माणूस खाली पडत नाही हे शिकवणीत आलेलं नव्हतं. त्यांनी दौलतचा दंड दोन्ही हातांनी घट्ट पकडला. नळीतून श्वास भात्यासारखा वाजू लागला.

दौलत हसला नाही. त्याने दंड तसाच धरू दिला आणि दुसऱ्या हाताने दाखवलं: तिकडे.

तिकडे भिंत होती. काळीभोर, उभी, खाली निळ्यात विरत गेलेली. पण काळी म्हणायची ती फक्त मुळात. तिच्या प्रत्येक खाचेत कुणी ना कुणी राहत होतं. जांभळी झुडपं पाण्याबरोबर डुलत होती, शेंदरी बोटांसारखं काहीतरी उघडत-मिटत होतं. पिवळ्या माशांचा थवा भिंतीलगत वर चढत होता आणि एका क्षणी कुणी हुकूम सोडल्यासारखा सगळाच्या सगळा वळला. एका कपारीतून जाड मानेचा, सापासारखा मासा तोंड उघडंमिटं करत भाडेकरूंवर नजर ठेवणाऱ्या मालकासारखा बघत होता. खूप खाली शार्दूल आणि मंडळी मुंग्यांएवढी दिसत होती. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे रुपेरी ताटल्यांसारखे डगमगत वर येत आणि तोरसकरांच्या पोटाखाली फुटत. गुदगुल्या होत होत्या.

केव्हातरी तोरसकरांच्या लक्षात आलं की आपण दंड सोडला आहे.

दौलतही सुटला होता. त्याने एक मोठा श्वास घेतला, कंबरेत वाकला आणि सरळ खाली गेला. टँक नाही, नळी नाही. भिंतीला समांतर, सावकाश. खाली, आणखी खाली, शार्दूलच्या मंडळींच्या बरोबरीला. तिथे तो थांबला आणि एका हाताने खडकाला हलकेच धरून बघत राहिला. सहा वर्षं त्या हातांनी पाण्याखाली जे समोर येईल ते खरवडलं होतं. आता ते काहीच करत नव्हते. निळ्यातून एक कासव वर येत होतं. ते दौलतला वळसा घालून, त्याची फारशी दखल न घेता, तोरसकरांच्या दिशेने चढलं, हातभर अंतरावरून पृष्ठभागावर गेलं, म्हाताऱ्यासारखा एक सुस्कारा टाकून श्वास घेतला आणि परत खाली निघालं.

तोरसकरांनी डोकं वर काढलं. तोंडातली नळी ओढून काढली. बोट खडकाच्या पलीकडे होती, तरी ते जिवाच्या आकांताने ओरडले:

"विभा! अगं विभा! कासव! काय आहे गं हे सगळं! आणि मला पोहता येतं! विभा, मला पोहता येतं!"

समुद्र शांत होता. आवाज खडकावर आपटून बोटीपर्यंत एकेक अक्षर स्पष्ट गेला. एव्हाना बायकामुलं बोटीवर परतली होती; अकाउंट्सच्या मुग्धा वागळे वेफर्सचं पाकीट फोडत होत्या, त्या थांबल्या. सगळेच थांबले.

"पोहता येतं म्हणजे?" मुग्धाताईंनी हळूच विचारलं.

विभावरीने तोंडावर पदर धरला होता. हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना, असं तिचं झालं होतं. "कालपरवापासून येतं," ती म्हणाली.

तोरसकर फटीतून आत आले तेव्हा सगळी बोट एका बाजूला कलून त्यांच्याकडे बघत होती. शुभ्रा कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, वेट. यू कुडन्ट स्विम? लाइक, ॲट ऑल?"

इतक्यात शार्दूल वर आला. मास्क कपाळावर सारून तो धापा टाकत म्हणाला, "अरे, तो माणूस कोण? टँक न लावता खाली आमच्यापर्यंत आला! चाळीस फूट! आणि आरामात बसला होता! माझी हवा संपत आली तरी हा बसलेलाच!"

दौलत तेव्हा बोटीच्या शिडीला धरून नाक शिंकरत होता. तोरसकर पाण्यातच उभे होते. अब्रू तर गेलीच होती; आता तिच्यामागून धावण्यात अर्थ नव्हता.

"ते माझे पोहण्याचे मास्तर," ते म्हणाले. "दौलत आचरेकर. गेले आठ शुक्रवार मला शिकवतायत. त्याआधी मला तोंडसुद्धा पाण्यात घालता येत नव्हतं. किल्ल्याला हात मी होडीतून लावला होता. आणि सकाळी त्यांनी टँक उचलले तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चुकलं."

मग शार्दूलने विचारलं, "म्हणजे वादळातसुद्धा नाही?"

"नाही."

"भरतीत?"

"अरे, ओहोटीतसुद्धा नाही."

तेव्हा जो हशा उठला तो तय्यबलाही कळला, मराठी येत नसताना. "क्या हुआ?" त्याने विचारलं. मुग्धाताईंनी हिंदीत सांगितलं. तय्यब तोरसकरांकडे आदराने बघून म्हणाला, "ग्यारह साल? माशाल्ला!"

जेवणं बोटीवरच झाली. शार्दूल दौलतच्या शेजारी जाऊन बसला. श्वास किती वेळ धरता, कान कसे सांभाळता, भीती वाटत नाही का, असे प्रश्न त्याने विचारले आणि सर्टिफिकेटचा विषय त्या दिवशी पहिल्यांदाच काढला नाही. दौलत पुरीभाजी खात उत्तरं देत होता. मधेच त्याने तोरसकरांना विचारलं, "कासव बघितलास?"

"माझ्या इथून गेलं!" तोरसकरांनी हात दाखवला.

"माझ्याकडे बघूकच नाय ता," दौलत म्हणाला. "मोठ्या लोकांकडेच जाता."

परतल्यावर टँक शार्दूलने उतरवले. दौलत उठला होता, पण शार्दूल म्हणाला, "बसा हो तुम्ही," आणि चौथ्या टँकला पाठ धरून स्वतःच बसला. उरलेले दौलतने आणि तोरसकरांनी मिळून उतरवले.

शनिवारी ऑफिसात तोरसकरांच्या खुर्चीवर हवा भरलेलं बदक होतं. पुढे महिनाभर त्यांना पाण्याचा ग्लास देताना लोक "जपून, खोल आहे" म्हणत. तोरसकर हसत, पण आता मनापासून. पंधरा दिवसांनी मुग्धाताईंचे यजमान केबिनचं दार लोटून आत आले आणि दौलतचा नंबर मागून गेले. पुतण्यासाठी हवाय म्हणाले. त्यांना पुतण्या नव्हता.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी खाडीवर गाडी थांबली. दौलत पाण्यात उभा होता. मागच्या दारातून विभावरी उतरली, सलवार-कमीज घालून, ओढणी कंबरेला खोचून.

"मला पण भिंत बघायची आहे," ती दौलतला म्हणाली. "तेव्हा मी बोटीवर बसून नुसतं 'कासव, कासव' ऐकलं."

तोरसकर लगबगीने तिच्यापुढे झाले. "हे बघ विभा, आधी श्वास. श्वास महत्त्वाचा. मग मान सैल. खांदे असे. मी काय म्हणतो, पहिले चार शुक्रवार फक्त तोंड घालायचं..."

"साहेब," दौलत म्हणाला, "तुमी जरा काठार बसा."

विभावरी छातीभर पाण्यात गेली. तिने मास्क लावला, नळी तोंडात धरली, एकदा डोळे मिटले आणि वाकली. दौलतने पोटाखाली धरलेला हात हळूच काढून घेतला. ती तरंगत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. ओढणी सुटून शेजारी पसरली.

"विभा, पुरे आता!" तोरसकर काठावरून ओरडले. "पहिल्याच दिवशी इतकं नको! विभा!"

विभावरीने एक हात पाण्याबाहेर काढला, 'थांबा' अशी खूण केली आणि खालच्या वाळूत चालणारा खेकडा बघत राहिली.